येळवशीच्या दिवशीची परिषद

तुरीच्या हिरव्या शेंगा नांदेडच्या बाजारात दिसायला लागल्या, की संध्याकाळी माझ्या घराची बेल गप्प बसत नाही. दारात एखादं पोर उभं असतं. पोर म्हणजे डॉक्टर. चुरगळलेला ॲप्रन, काखेत लॅपटॉप, डोळ्यांत न झालेली झोप आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, जरा बघता का?" मी म्हणते, "बघते की. आधी चपला नीट काढ, माझ्या दारात ढीग करू नको." मग मी मीठ घालून शेंगा उकडायला ठेवते, आणि ते पोर माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतं.

लोकांचे हंगाम आंब्याचे असतात, लग्नांचे असतात. आम्हा लेकरांच्या डॉक्टरांचा हा हंगाम परिषदेचा. थंडी पडली की मराठवाड्यातले आम्ही सगळे एका गावी जमतो, कधी नांदेडला, कधी लातूरला. मोठी माणसं मोठी भाषणं करतात, फुलांचे गुच्छ घेतात, फोटो काढतात. आणि शेवटच्या दिवशी, लोकांची निघायची घाई सुरू झाली की शिकणाऱ्या पोरांना थोडी थोडी मिनिटं मिळतात. वर्षभर वॉर्डात काय पाहिलं, त्यातून काय हाती लागलं, ते सांगायचं. मग प्रश्न. तेवढ्या मिनिटांसाठी ही पोरं महिनाभर माझं डोकं खातात आणि मी त्यांचं. आवाज खाली नेऊ नको. भिंतीशी बोलू नको, माणसांशी बोल. "सर्वप्रथम मी आभार मानतो" यात अर्धा वेळ घालवू नको, आभार मानायला तुझं लग्न नाहीये.

खरी भीती असते ती पहिल्या प्रश्नाची. समोर बसलेल्या कुणातरी बुजुर्गाला आपलं शहाणपण दाखवायची खुमखुमी येते. तो माईक ओढतो आणि असं काही विचारतो, की पोराची दातखीळच बसते. पुढची कितीतरी वर्षं मग ते पोर माईकच्या वाऱ्याला उभं राहत नाही. म्हणून आमच्याकडे माझ्या गुरूंपासून एक रीत आहे. पहिला प्रश्न आपल्या माणसाचा. ज्यानं पोराला तयार केलं, त्यानं पहिल्या रांगेत बसायचं आणि पहिला हात त्यानंच वर करायचा. प्रश्न आधी ठरलेला, सोपा, उत्तर पोराच्या जिभेवर असलेला. तेवढं एक उत्तर नीट गेलं की पुढच्या प्रश्नांना पोर उभं राहतं. बाहेरचे लोक हसतात, म्हणतात ही कसली लबाडी. असू द्या लबाडी. विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या कमरेला दोर बांधतातच ना?

गेल्या आठवड्यात अशीच बेल वाजली. दार उघडलं तर दैवशाला. सोबत एक नवी, बावरलेली मुलगी, लॅपटॉप छातीशी धरलेली. "मॅडम, यंदा माझं पोर आणलंय," दैवशाला म्हणाली, "जरा बघता का?" मला इतका आनंद झाला, की मी तिच्यावर ओरडलेच, "एवढ्या वर्षांनी आठवण झाली होय गं तुला माझी!" दैवशाला आता किनवटच्या पलीकडे, इस्लापूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात लेकरांची डॉक्टर आहे. ती नवी मुलगी तिच्या हाताखाली काम करून राहिलीय. मुलगी टेबलावर वायरी जोडत बसली आणि दैवशाला न सांगता स्वयंपाकघरात गेली, डबा उघडून मीठ घेतलं, शेंगा पातेल्यात टाकल्या. तिची पाठ माझ्याकडे होती. वाफ वर आली, तुरीचा तो हिरवा, मातकट वास घरभर झाला, आणि मला तिचा तो हिवाळा आठवला.

दैवशाला भोकरकडची. घरी हळद, सोयाबीन, बैलबारदाना, खाऊनपिऊन बरं घर. सगळ्या भावकीत पहिली डॉक्टर. आमच्या वॉर्डात शिकायला आली तेव्हा तोंडाला खंड नव्हता पोरीच्या. लेकराला सुई टोचायची असली की सुई टेकवायच्या आधी हीच "आई गंऽऽ" म्हणून ओरडायची. लेकरू दचकायचं, मग खुदकन हसायचं, तोवर सुई जाऊन आलेली असायची. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला कळायचं, की दैवा सुया टोचत फिरतेय.

त्या पावसाळ्यात एका पहाटे लोह्याकडच्या एका खेड्यातून एक मुलगा आला. शाळकरी. पोट दुखत होतं, उलटी झाली होती, बाकी काही नाही. सोबत आई. दैवानं पोट दाबून पाहिलं, औषध दिलं. पोराच्या पापण्या मिटायला लागल्या. आई म्हणाली, "रातभर डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या. झोपू द्या जरा." दैवानं त्याच्या अंगावर चादर ओढली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

ती झोप नव्हती. मण्यार चावली होती. मण्यार रात्री घरात शिरते, खाली अंथरुणावर निजलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. ना सूज, ना रक्त. पहाटे पोट दुखतं. मग पापण्या उचलता येईनात, मग गिळता येईना, मग श्वास घेता येईना. पुस्तकात हे सगळं आहे, दैवानं परीक्षेत लिहिलंही असेल. पण पहाटे वॉर्डात सगळ्याच लेकरांच्या पापण्या जड असतात, आणि त्यांना तपासणाऱ्यांच्याही. लक्षात आलं तेव्हा सगळी धावपळ झाली. घशात नळी, मशीन, सापाची लस, सगळं. लेकरू राहिलं नाही.

त्यानंतर वॉर्डातलं "आई गं" बंद झालं. दैवा काम चोख करायची, कुठे बोट ठेवायला जागा नाही, पण लेकराकडे बघून हसायची नाही. हात बघायची, पापण्या बघायची, कागद बघायची. आणि एक दिवस माझ्या खोलीत येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी सोडून राहिले."

"काय सोडून राहिलीस?"

"हेच. डॉक्टरकी. बाबांना फोन केला. न्यायला येतो म्हणले."

मला आधी राग आला. मग भीती वाटली, कारण ती रडत नव्हती. रडणारी पोरं राहतात, मी पाहिलंय. तिला समजावायला माझ्याकडे चांगलं वाक्य एकही नव्हतं. सगळ्यांच्या हातून होतं, असं म्हणाले असते तर माझीच मला लाज वाटली असती. मी एवढंच म्हणाले, "लातूरच्या परिषदेपर्यंत थांब. तिथं पेपर वाच. मग कुठं जायचं तिथं जा, मी अडवणार नाही."

पेपर होता तिच्याकडे. तिला तो पेपर वाटत नव्हता एवढंच. त्या दिवसानंतर तिनं स्वतःला एक सवय लावून घेतली होती. पहाटे पोट दुखतंय म्हणून कुठलंही लेकरू आलं, की ती त्याला झोपू द्यायची नाही. "वर बघ," म्हणायची, "पंख्याकडं बघ. बघतच राहा." झोप आलेलं लेकरू कुरकुर करत का होईना वर बघतं. मण्यार चावलेल्याच्या पापण्या वर राहतच नाहीत, पुन्हा पुन्हा खाली येतात. उरलेल्या पावसाळ्यात तिनं अशी काही लेकरं वेळेत ओळखली. ती आपल्या पायांनी घरी गेली. आमच्या भागात, जिथं निम्मी घरं खाली अंथरूण टाकून झोपतात, तिथं याहून कामाची गोष्ट कोणती?

तर शेंगांच्या हंगामात दैवा माझ्या टेबलाशी बसली. आमच्या विभागातले एक सहकारीही आले होते, मोठे हुशार, पण जरा सांभाळून चालणारे. दैवानं वाचून दाखवलं. भाषा स्वच्छ, चित्रं नीट, एकेक लेकरू कसं आलं, कसं वर बघू शकलं नाही, कसं वाचलं. सगळी वाचली. मी शेंग सोलता सोलता विचारलं, सहजच विचारलं, "दैवा, ही सगळी वाचली. मग हे वर बघायला लावायचं तुला सुचलं कुठून?"

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"ते नका घेऊ," सहकारी म्हणाले. "गेलेली केस कशाला? तिथं फाडून खातील पोरीला. आणि तिचं तरी काय होईल बोलताना?" ते चुकीचं बोलत नव्हते. तिच्या काळजीनंच बोलत होते. पण तो मुलगा नसलेला तो पेपर मला ऐकवेना. बाकीची लेकरं त्याच्यामुळे घरी गेली होती आणि त्याचा तिथं पत्ताच नव्हता.

दैवा म्हणाली, "घ्यायचं म्हणते मी. पण त्याच्या आईला विचारल्याबिगर नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. परवानगीचे कागद असतात, समिती असते, ते सगळं आम्ही करतोच. पण गेलेल्या लेकराबद्दल बोलायचं असेल तर घरी जाऊन, समोर बसून विचारायचं, हा माझा जुना हट्ट आहे, आणि पोरं त्यावरून माझी टिंगल करतात. त्या दिवशी मला तो हट्ट करावाच लागला नाही.

रविवारी आम्ही दोघी निघालो. लोह्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी निसवलेली, तुरी पिवळ्या पडत चाललेल्या. गाडीत दैवा घोकून राहिली होती, काय बोलायचं ते. मी म्हटलं, तू बोलू नको, मी बोलते. विचारत विचारत घर सापडलं. आई अंगणात बसून येळवशीसाठी बिंदगं रंगवत होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी घरदार शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि आंबील भरलेलं हे मडकं डोक्यावरून न्यायचं असतं. चुन्याचे पट्टे अर्धे ओढून झाले होते. आमच्याकडे बघून तिचा हात थांबला. तिनं ओळखलं.

"या की, बाई," ती म्हणाली, "आत या."

आत सगळ्यांना बाजा केल्या होत्या. नव्या सुंभाच्या, अजून पिवळ्याजर्द. जमिनीवर आता त्या घरात कुणी झोपत नव्हतं. मी घसा साफ करून सुरुवात करणार, तोच दैवा बोलून गेली. घोकलेलं सगळं बाजूला राहिलं, आणि तिची बोली आपोआप तिच्या गावची झाली.

"ताई, त्या दिशी मी चुकले. तुमच्या लेकराला झोप न्हवती आली. त्यो इखाराचा असर व्हता. मला वळखू आला न्हाई. मी त्याच्या अंगावर चादर घातली अन् पुढं गेले."

आई हळूच म्हणाली, "म्याच म्हणले व्हते न्हवं? झोपू द्या म्हणून?"

"हाव. म्हणले व्हते."

"मला वाटलं, म्या म्हणले म्हणून तुम्ही उठवलं न्हाई. पावसाळाभर तेच डोस्क्यात घेऊन फिरून राहिले. म्याच मारलं लेकराला. मालकाला बी बोलले न्हाई."

"न्हाई ताई!" दैवा एवढ्या जोरात म्हणाली, की बाहेरची कोंबडी उडाली. "आई म्हणणारच झोपू द्या. वळखायचं काम माझं व्हतं. तुमच्याकडं त्यातलं काईच येत न्हाई. काईच न्हाई."

मला वाटलं होतं, आता बाई रडेल, दैवाही रडेल, आणि दोघी मोकळ्या होतील. तसं झालं नाही. आईचं तोंड तापलं. "मंग इतके दिस काहून न्हाई आलात सांगायला?" ती म्हणाली. "इतके दिस म्या कसे काढले, ठावं हाय का तुमाला?" आई उठून आतल्या खोलीत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. खूप वेळानं ती चहा घेऊन आली. डोळे लाल झालेले. कपबशा आमच्या पुढ्यात ठेवल्या आणि जमिनीवर, आमच्या पायाशी नाही, आमच्यासमोर नीट मांडी घालून बसली. लातूरच्या परिषदेत त्याच्याबद्दल सांगायचंय, तुम्ही हो म्हणालात तरच, एवढं मी म्हटलं.

"काय करायचं म्हणता लातुरात?"

मी सांगितलं. मराठवाड्यातले सगळे लेकरांचे डॉक्टर येतील, त्यांना दैवा सांगेल काय झालं, म्हणजे त्यांच्याकडे असं लेकरू आलं तर ते झोपू देणार नाहीत.

"समद्यांना कळंल?"

"हो."

"मंग सांगा. पर नाव घ्या त्याचं."

दैवानं माझ्याकडे पाहिलं. "नाव न्हाई घेता येत ताई," ती म्हणाली. "नियम हाय. कुणाच्याच लेकराचं घेत न्हाईत."

"काहून? चोरी केली का त्यानं?"

मी तिला समजावलं. खाजगी गोष्ट असते, घरच्यांना पुढे त्रास होऊ नये म्हणून तसा नियम असतो. नियम चांगला आहे, मी आजही म्हणेन चांगला आहे. पण त्या घरात तो माझ्या तोंडी फार पोकळ वाटला. ती ऐकत होती आणि मान हलवत नव्हती. "नाव न्हाई तर मंग त्यो कोन?" ती म्हणाली. "कुनाचं बी लेकरू." मग पदर सावरून म्हणाली, "बरं. तुमचं शिकलेल्यांचं काय असंल ते. झाल्यावर मला फोन करा मात्र. कसं कसं सांगितलं, समदं सांगा."

आम्ही निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत आली नाही. अंगणात पुन्हा बिंदगं घेऊन बसली होती. गाडीत अहमदपूरचा फाटा येईपर्यंत आपण नांदेडच्या उलट दिशेला चाललोय, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही. गाडी वळवताना दैवा म्हणाली, "मॅडम, पहिला प्रश्न सोपा विचारू नका."

"मग काय विचारू?"

"जबाबदारी कुणाची होती, हे विचारा. सगळ्यांसमोर."

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलाशी ती नवी मुलगी हेच वर बघायचं वाचून दाखवत होती. तिकडच्या वाड्या-तांड्यांवरून आलेली लेकरं, पहाटेचं पोटदुखणं, पंखा. त्यांच्याकडे वीज नसली की पंख्याऐवजी कौलांकडे बघायला लावतात म्हणे. वाचून झाल्यावर मुलीनं दैवाला विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठून शिकलात?" दैवा शेंगांची टरफलं गोळा करत होती. म्हणाली, "लोह्याकडच्या एका लेकराकडनं." मुलीला वाटलं गंमत आहे, ती हसली. दैवाही थोडी हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पहिला प्रश्न मी विचारणार. सोपा विचारणार, मॅडम." मी म्हटलं, विचार बाई, तुझं पोर आहे.

दैवाच्या त्या वर्षीच्या परिषदेची एक तऱ्हाच झाली होती. तारखा ठरवणारी मंडळी तिकडची, पुण्या-मुंबईची, आणि त्यांनी कॅलेंडरात लाल रंग नाही बघून परिषदेचा शेवटचा दिवस नेमका येळवशीला ठेवला. आता येळवशीला लातुरात परिषद म्हणजे काय सांगावं! त्या दिवशी लातुरात दुकानं उघडत नाहीत, रिक्षा मिळत नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, सगळं गाव शेतात. आदल्या दिवशी जेवणवाल्यानं हात जोडून सांगितलं, उद्या माणसं मिळायची नाहीत, मीच शेतात आहे. स्थानिक डॉक्टर सकाळी तोंड दाखवून एकेक करून सटकायला लागले. कुणाच्या खिशातून गाडीच्या किल्ल्या वाजायच्या, कुणी हळूच म्हणायचं, "मॅडम, भज्जी निवते हो." भज्जी म्हणजे येळवशीची ती शेंगा-पालेभाज्यांची भाजी. दैवाची पाळी आली तेव्हा मोठ्या हॉलमध्ये मोजकी डोकी उरली होती. अध्यक्षस्थानी उदगीरचे एक ज्येष्ठ डॉक्टर. समोर टेबलावर घंटी. वेळ संपली की ती वाजवायची आणि पोराला खाली बसवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पोरांनो, लवकर उरका, माझी माणसं कोपीत वाट बघून राहिलीत."

माझा जीव थोडा थोडा झाला होता. पोरीनं महिनाभर रक्त आटवलं आणि ऐकायला आहे कोण, तर रिकाम्या खुर्च्या. पहिल्या रांगेत मी एकटी.

दैवा उभी राहिली. आभार मानले नाहीत. वाचलेल्या लेकरांबद्दल आधी सांगितलं, एकेक करून, आवाज कुठे खाली न नेता. मग म्हणाली, "हे मला कसं सुचलं, ते आता सांगते." आणि तिनं सांगितलं. पहाट, पोटदुखी, पापण्या, चादर. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. किल्ल्या वाजवणारे वाजवायचे थांबले. दाराशी उभा असलेला एकजण परत येऊन मागच्या खुर्चीवर बसला.

शेवटी तिनं पडद्याकडे पाठ केली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "या मुलाच्या आईनं मला परवानगी दिली. एक अट घातली, त्याचं नाव घ्यायचं. नियमानं मला ते घेता येत नाही. म्हणून ते मी मनात घेते." आणि ती थांबली.

वेळ संपला होता. उदगीरच्या सरांचा हात घंटीवर होता, मला दिसत होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

मग ते म्हणाले, "प्रश्न?" आणि मी हात वर केला. उभी राहिले, माईक हातात घेतला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं पोरांच्या कमरेला दोर बांधणारी मी, तशीच उभी. दैवानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "विचारा, मॅडम."

मी विचारलं. "डॉक्टर, आई म्हणाली होती, झोपू द्या. मग ओळखायची जबाबदारी कुणाची होती?"

"माझी, मॅडम," दैवा म्हणाली. "आईची नाही."

दुसरा प्रश्न आलाच नाही. उदगीरच्या सरांनी घंटी बाजूला सरकवली आणि ते माईकमध्ये म्हणाले, "आमच्याकडं उद्यापासून लेकरांना वर बघायला लावू." एवढंच. टाळ्या वाजल्या, पण विरळ आणि जरा चुकल्याचुकल्यासारख्या. अशा वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. दुपारचं ऊन, कोवळंच म्हणायचं, आणि एवढा मोठा रस्ता मोकळा. दैवानं फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडून वारा ऐकू येत होता, बायकांचे आवाज, कुणीतरी पंगतीला बसा म्हणत होतं. आई शेतात होती. येळवस होती.

"झालं ताई," दैवा म्हणाली. "समदं सांगितलं. तुमच्याकडं काई येत न्हाई, हे बी सांगितलं. समद्यांच्या समोर."

"हाव. अन् नाव? घेतलं का?"

"मनात घेतलं."

"मोठ्यानं न्हाई?"

दैवा खोटं बोलली नाही. "न्हाई ताई. मोठ्यानं न्हाई."

मला वाटलं, तिनं फोन ठेवला. मग ती म्हणाली, "बरं. थांबा." तिनं फोन तोंडापासून लांब धरला असावा. आणि तिनं त्याला हाक मारली. शेतात लांब खेळत गेलेल्या लेकराला जेवायला बोलावताना मारतात तशी, शेवटचं अक्षर ओढून, पूर्ण गळ्यानं. तिच्या भोवतालचे बायकांचे आवाज बंद झाले. तिनं पुन्हा मारली.

उदगीरचे सर आमच्या बाजूलाच त्यांच्या गाडीचं दार उघडून आत बसणार होते. ते दार धरून तसेच उभे राहिले. त्यांच्यामागून बाहेर पडलेले आणखी काही जण पायऱ्यांवर थांबले होते. मी ते नाव ऐकलं. ते इथं मी लिहीत नाही.

फोनमध्ये ती परत आली. धाप लागली होती तिला. म्हणाली, "आलं का ऐकू? तुमच्या डॉक्टर लोकास्नी?"

दैवानं पायऱ्यांकडे पाहिलं.

"आलं ताई," ती म्हणाली. "समद्यांना आलं."